भाऊचा धक्का ते हर्णै, तीन बोटींनी: गाडी घेऊन निघणाऱ्या दोघांसाठी

मुंबईहून महामार्गानं गाडी हाणत गेलं तर दापोली-हर्णै सहा-सात तासांत येतं. तोच पल्ला किनारा न सोडता, तीन वेळा गाडी बोटीवर चढवून, चार दिवसांत करायचा, असा हा मार्ग आहे. भाऊचा धक्का ते मांडवा, मग आगरदांडा ते दिघी आणि शेवटी बागमांडला ते वेशवी. पहिली बोट मोठी, परदेशी बांधणीची. उरलेल्या दोन म्हणजे कोकणात ज्यांना सरसकट ‘जंगल जेटी’ म्हणतात त्या सपाट, उघड्या फेरीबोटी. परीक्षण या बोटींचं आहे. पण बोटींच्या मधला रस्ता वगळून ते करणं म्हणजे ताटाचं वर्णन करून भाजी-आमटीबद्दल गप्प बसणं, म्हणून दोन्ही.

निकाल आधीच सांगून टाकू. दोघं असाल, घाई नसेल आणि घरात भिंतीवर कालनिर्णय लटकत असेल तर दहापैकी आठ गुण. शनिवारी सकाळी निघून रविवारी रात्री घरी यायचं असेल तर तीन. कालनिर्णय कशाला, ते पुढे येईलच. या मार्गाचं अर्धं वेळापत्रक तिथीवर चालतं आणि हॉटेलचं बुकिंग करून मग तिथी बघणारे हमखास फसतात.

भाऊचा धक्का ते मांडवा

ही रो-रो (गाड्या चढवून नेणारी) सेवा २०२० मध्ये सुरू झाली. बोटीचं नाव ‘प्रोटोपोरोस’, बांधणी ग्रीसची. शंभराहून जास्त गाड्या पोटात घेते आणि तासाभरात मांडव्याला सोडते. गेटवेवरून सुटणाऱ्या प्रवासी बोटी पावसाळ्यात बंद होतात, ही मात्र हवामान बरं असेल तर पावसातही चालते. जुलैत अलिबागला गाडीसकट जायचा हाच एक आरामाचा रस्ता.

पैशाचा हिशेब सरळ आहे. गाडीचं तिकीट वेगळं, माणसांचं वेगळं. चार-पाच जण असतील तर माणशी भार कमी पडतो. दोघांना ही फेरी रस्त्यापेक्षा महागच पडते, अटल सेतूचा २५० रुपयांचा टोल आणि पेट्रोल धरूनही. मग घ्यायची का? जाताना घ्या. वडखळ, पोयनाड, कार्लेखिंड या तीन जागी शनिवारी सकाळी जे होतं, ते टाळायचे हे पैसे. येताना तुम्ही दापोलीकडून येणार, तेव्हा परत मांडव्याला यायचा प्रश्नच नाही.

धक्क्यावर सुटायच्या वेळेआधी पाऊण ते एक तास पोचा. धक्क्याला लागूनच मासळी बंदर आहे आणि पहाटेच्या फेरीला जाताना बर्फाच्या नि मासळीच्या ट्रकांमधून वाट काढावी लागते. शेवटच्या अर्ध्या किलोमीटरला वीस मिनिटं गेली तरी नवल नाही. काचा वर ठेवा. ऑनलाइन तिकीट काढताना गाडीचा नंबर आणि प्रकार नीट भरा. छोटी गाडी, मोठी गाडी यांचे दर वेगळे असतात आणि हा घोळ फाटकावर निस्तरत बसण्यात मागच्या रांगेच्या शिव्या खाव्या लागतात.

गाडी आत लावली की हँडब्रेक ओढायचा, गिअरमध्ये ठेवायची, आरसे मिटायचे. गाड्या इतक्या जवळ लावतात की दार जेमतेम वीतभर उघडतं. त्यामुळे पाण्याची बाटली, टोपी, उलटीची गोळी हे सगळं आधीच हाताशी काढून ठेवा. डिकी उघडायला मिळेल या भरवशावर राहू नका. आणि वर जा. खालच्या वातानुकूलित दालनात बसून मोबाईल बघायचा असेल तर पनवेलमार्गे गेलेलं काय वाईट? उघड्या डेकवरून आधी नौदलाची जहाजं, मग जवाहर द्वीपाच्या तेलटाक्या, मागे न्हावा-शेव्याच्या क्रेन दिसतात. थंडीत कुरव पक्षी बोटीमागे लागतात. त्यांना लोक गाठ्या भरवतात; ते करू नये, पण मुंबईकराला सांगून कोण ऐकतंय!

मांडव्याला उतरल्यावर सगळ्या गाड्या एकाच अरुंद रस्त्यावर ओतल्या जातात. पहिली पंधरा मिनिटं चहा घेत जेट्टीवरच थांबा, रांग पुढे जाऊ द्या. नंतर चोंढीच्या नाक्यावरून सरळ अलिबागला जाण्याऐवजी आवास-सासवण्याकडे वळा. सासवण्यात शिल्पकार नानासाहेब करमरकर (१८९१–१९६७) यांचं घर संग्रहालय म्हणून जपलं आहे. पुण्याचा अश्वारूढ शिवाजी घडवणारे हेच. अंगणातली सिमेंटची म्हैस पाहून तिच्या पाठीवरून हात फिरवावासा वाटतो. अर्ध्या तासाचं काम, गर्दी जवळजवळ नसते.

तिथीला पाऊणनं गुणा

आता कालनिर्णय. अलिबागचा कुलाबा किल्ला चालत गाठायचा, हरिहरेश्वरची प्रदक्षिणा करायची, फेरीबोटीवर गाडी खरवडू द्यायची नाही, या तिन्ही गोष्टी ओहोटी-भरतीवर अवलंबून आहेत. कोळ्यांचा जुना हिशेब अजून चालतो: तिथीचा आकडा घ्या, त्याला पाऊणनं गुणा, पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण तीन, म्हणजे भरती तीनला. त्यात सव्वासहा तास मिळवले की ओहोटी सव्वानऊला. द्वादशीला भरती नऊला, ओहोटी सव्वातीनला. शुक्ल असो वा कृष्ण, हिशेब तोच. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण सहल आखायला पुरतो. नेमक्या वेळेसाठी निघायच्या आदल्या दिवशी भरतीचं कोष्टक बघा.

फक्त वेळ बघून भागत नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं. भरती आणि ओहोटीच्या पातळीत चार मीटरच्या आसपास फरक पडतो आणि पाणी खूप आत जातं. अष्टमी-नवमीला भांग असते. पाणी ना धड चढत, ना धड उतरत. अष्टमीची ओहोटी दुपारी बाराला येते, वेळ सोयीची, पण किल्ल्याची वाट तेव्हा पुरती उघडी पडेलच असं नाही. आमचं मत असं की तृतीया ते पंचमी या तिथींना निघावं. ओहोटी सकाळी साडेआठ ते दहाच्या दरम्यान येते आणि पाणीही पुरेसं उतरतं. दुपारची ओहोटी हवी असेल तर द्वादशी-त्रयोदशी. दिवसागणिक ती पाऊण तासानं पुढे सरकते, तेही धरून चाला: पहिल्या दिवशी अलिबागला साडेआठला असलेली ओहोटी तिसऱ्या दिवशी हरिहरेश्वराला दहाच्या सुमाराला येते. याहून चांगला मेळ मागूनही मिळणार नाही. अडचण एकच, पहिल्या दिवशी ती गाठायची तर धक्क्यावरून अगदी पहाटेची फेरी हवी, किंवा आदल्या संध्याकाळी येऊन अलिबाग-नागावला मुक्काम.

अलिबाग ते कोर्लई

कुलाबा किल्ल्यावर ओहोटीच्या आधी तासभर निघा आणि ओहोटीनंतर तासाभरात परत किनाऱ्यावर या. वाळू नाही, मध्ये खडक आणि कालवांच्या धारदार कपच्या आहेत, अनवाणी जाऊ नका; पट्ट्याची सँडल बरी, स्लिपर चिखलात राहते. किल्ल्याच्या तटाचे दगड जवळून बघा: मध्ये चुना नाही. मोठाले चिरे नुसते एकावर एक रचले आहेत, लाटेचं पाणी फटींतून आत शिरतं आणि तिथेच जिरतं, म्हणून तट टिकला. आत सिद्धिविनायकाचं देऊळ आणि गोड्या पाण्याची पुष्करणी आहे. उत्तरेकडे चाकांच्या गाड्यावर दोन तोफा आहेत, त्यांच्यावर यॉर्कशायरच्या कारखान्याचं नाव कोरलेलं सापडेल. पाणी वाढायला लागलं की घोडागाडीवाले हाका मारतात. त्या हाकेला नफ्याची हाक समजू नका, ती खरी असते.

गावात कान्होजी आंग्र्यांची समाधी आहे. आणि चुंबकीय वेधशाळा, जी इथे १९०४ मध्ये आली ती मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून. विजेच्या प्रवाहानं मुंबईतल्या कुलाब्याच्या वेधशाळेतली चुंबकीय मोजमापं बिघडली असती. आत जाता येत नाही, बाहेरून नमस्कार.

फेब्रुवारी ते एप्रिल रस्त्याकडेला पांढऱ्या कांद्याच्या वेण्या लटकलेल्या दिसतील. खरा अलिबागचा कांदा चपटा, मध्यम आकाराचा, पातळ सालीचा असतो. पण जाताना घेऊ नका. चार दिवस बंद गाडीत कांदा ठेवल्यावर बायको किंवा नवरा काय म्हणेल ते इथे लिहिण्यासारखं नाही. थंडीत, वालाच्या शेंगा भरल्या की, पोपटी मिळते. मडक्यात भांबुर्डीचा पाला, त्यावर शेंगा, बटाटे, अंडी किंवा मसाला लावलेली कोंबडी, वर पुन्हा पाला, मडकं उलटं करून भोवती जाळ. पाणी अजिबात घालत नाहीत. ती दोघांसाठी कोणी लावत नाही, त्यामुळे घरगुती राहण्याच्या ठिकाणी आदल्या दिवशी विचारा की आणखी कोणी पाहुणे आहेत का आणि त्यांच्यात सामील व्हा.

रेवदंड्याला अनेक जण थांबत नाहीत, ही चूक. रस्ता चक्क किल्ल्याच्या तटातून जातो. चौल-रेवदंडा सव्वादोनशेच्या आसपास वर्षं पोर्तुगीजांकडे होतं, १७४० मध्ये ते मराठ्यांकडे आलं. माडांच्या वाड्यांत चर्चच्या भिंती उभ्या आहेत आणि एक उंच मनोरा आहे, त्याला सातखणी म्हणतात. अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी पंधराव्या शतकात चौलला उतरला होता, त्याचा स्मारकस्तंभ इथल्या शाळेच्या आवारात आहे.

पुलापलीकडे कोर्लई. गावातून दीपगृहाकडे जाणारा रस्ता एका गाडीचा आहे. समोरून रिक्षा आली तर एकानं मागे जायचं आणि ते बहुधा तुम्हीच असता. दीपगृहामागून पायऱ्यांनी पंधरा-वीस मिनिटांत किल्ल्यावर. किल्ला म्हणजे समुद्रात घुसलेली डोंगराची अरुंद सोंड; एका बाजूला कुंडलिकेची खाडी, दुसऱ्या बाजूला अरबी समुद्र. इथे वरपर्यंत सावली नाही, दुपारी बारा ते तीन टाळा. खाली गावात ख्रिस्ती वस्तीत आजही पोर्तुगीजमिश्रित बोली बोलतात. ती बोलणारे तिला ‘नौ लिंग’ म्हणतात, म्हणजे ‘आपली भाषा’.

मुरुड आणि जंजिरा

काशीद पटकन उरका. वाळू सुरेख आहे, गर्दी तितकीच. तिथे आणि या सबंध मार्गावर एक गोष्ट पाळा: गाडी वाळूत घालू नका. बंदी असते हे तर झालंच, पण फसण्याचं कारण वेगळं आहे. ओहोटीला भिजलेली वाळू रस्त्यासारखी टणक असते, गाडी मजेत पळते. परत येताना भरतीरेषेच्या वरचा कोरडा पट्टा ओलांडावा लागतो, तिथे चाक फिरलं की खाली खणतच जातं. मग ट्रॅक्टर शोधायचा आणि भरती येते आहे हे पाहून ट्रॅक्टरवाला जो भाव सांगेल तो द्यायचा.

मुक्काम मुरुडला करा. समोर पद्मदुर्ग दिसतो, शिवाजी महाराजांनी सिद्दीच्या नाकासमोर बांधलेला. सकाळी पहिल्या होडीनं जंजिरा. होड्या राजपुरीच्या धक्क्यावरून सुटतात, शिडाच्या. वारा असेल तर पंधरा मिनिटं, नसेल तर वल्ही. शुक्रवारी दुपारी नमाजाच्या वेळी होड्या थांबतात. पावसाळ्यात बंद.

दरवाजापाशी उतरणं हाच जंजिऱ्याचा अवघड भाग. पायऱ्यांवर शेवाळ असतं, होडी लाटेबरोबर फूट-दोन फूट वर-खाली होते. खलाशी दंड धरतो आणि ‘आता’ म्हणतो, तेव्हाच पाय टाकायचा. होडी वर आलेली असताना उतरायचं, खाली जात असताना नाही. दोघांनी एकमेकांचा हात धरून उतरायचा रोमँटिक बेत इथे रद्द. एक घसरला की दुसराही जातो. गुडघे दुखत असतील तर किनाऱ्यावरून बघणं शहाणपणाचं. धक्क्याचं काम, नियम यांत बदल होत असतात, तेव्हा आदल्या संध्याकाळी राजपुरीला चौकशी करून या.

आत वेळ बेतानं मिळतो, पाऊण तासाच्या आसपास. मार्गदर्शक घ्या, समुद्राखालून राजपुरीपर्यंतच्या बोगद्याची कथा ऐकायला मजा येते, विश्वास ठेवायची सक्ती नाही. तोफा नावानं विचारा: कलालबांगडी, चावरी, लांडा कासम. उन्हात कलालबांगडीला हात लावून बघा, भर दुपारी बाकी दगड तापलेला असताना ती फारशी तापत नाही असं सांगतात; खरं-खोटं तुमच्या तळव्यावर. दरवाजाच्या बाजूला पंजांत हत्ती पकडलेल्या हिंस्र पशूचं शिल्प आहे. होडीतून उतरायच्या गडबडीत ते सगळ्यांचं बघायचं राहतं. खाऱ्या पाण्याच्या मधोमध दोन गोड्या पाण्याचे तलाव आहेत. सिद्दींचं हे संस्थान १९४८ मध्ये विलीन होईपर्यंत किल्ला कोणीही लढून घेऊ शकलं नाही.

राजपुरीहून आगरदांड्याकडे जाताना खोकरीचे घुमट लागतात, सिद्दींच्या कबरी. गाडीतून उतरून वीस मिनिटं द्या. जंजिऱ्यावरच्या गोंधळानंतर इथली शांतता दोघांना मिळून मिळते.

जंगल जेटीवर गाडी चढवताना

आगरदांडा-दिघी आणि बागमांडला-वेशवी या दोन्ही फेऱ्यांची पद्धत एकच, म्हणून एकदाच सांगू. दाभोळ-धोपाव्याला २००३ मध्ये अशी पहिली फेरीबोट सुरू झाली आणि मग ती किनाऱ्यावर पसरली. त्याआधी गाडीवाल्यांना प्रत्येक खाडीसाठी पार महामार्गाकडे जाऊन परत किनाऱ्याला यावं लागे. आगरदांड्याहून समोरचं दिघी हाकेच्या अंतरावर दिसतं, पण रस्त्यानं म्हसळ्याचा वळसा; बागमांडल्याहून वेशवीला जायचं तर आंबेतकडून अर्धा दिवस. बोटीनं पंधरा-वीस मिनिटं.

आगाऊ आरक्षणाच्या भानगडीत पडू नका. धक्क्यावर खिडकीत गाडीचं आणि माणसांचं तिकीट काढायचं, आलेल्या क्रमानं रांगेत उभं राहायचं. सुट्टे पैसे जवळ ठेवा. खाडीकाठी मोबाईलला रेंज येते-जाते आणि यूपीआय नेमकं तेव्हाच गोल गोल फिरत बसतं. पहिली आणि शेवटची फेरी कधी, हे ऋतूप्रमाणे बदलतं; आदल्या दिवशी विचारून घ्या. शेवटच्या फेरीच्या भरवशावर दिवस आखू नका. लांब सुट्टीत एखादी बोट भरून सुटली तर पुढच्या बोटीपर्यंत पाऊण-एक तास जातो.

आता चढवणं. उतारावरून थेट बोटीच्या लोखंडी फळीवर गाडी न्यायची असते. ड्रायव्हर सोडून बाकी सगळ्यांनी आधीच उतरावं, म्हणजे गाडीचं वजन घटतं आणि बूड दोन बोटं वर येतं. ओहोटीला बोट खाली जाते, उतार तीव्र होतो आणि धक्क्याचा उतार नि फळी यांच्यामध्ये उंबरठ्यासारखा कोन तयार होतो. तिथे सेडान गाड्यांचा पुढचा बंपर आणि मधलं पोट खरवडतं. उपाय दोन. एक, शक्य तर भरतीच्या आधी-नंतरच्या दोन तासांत पार व्हा. दोन, सरळ न जाता किंचित तिरकं घ्या, एका वेळी एकच चाक उंबरठा चढेल. पहिला गिअर, एकसारखा रेस, मध्ये थांबायचं नाही. उताराचा खालचा भाग भरतीत बुडून गेलेला असतो, त्यावर हिरवं शेवाळ असतं. तिथे ब्रेक दाबला तर चाक घसरतं, रेस वाढवली तर जागच्या जागी फिरतं.

काही बोटींना फळी एकाच टोकाला असते. मग गाडी रिव्हर्समध्ये चढवावी लागते, म्हणजे पलीकडे सरळ उतरता येते. खलाशी मागून हातवारे करतो, त्याच्याकडेच बघा. मागच्या कॅमेऱ्याच्या रेषा इथे कामाच्या नाहीत, कारण गाडी चढावर तिरकी झाली की कॅमेरा आकाश किंवा नुसती फळी दाखवतो. सोबतचं माणूस बाहेरून ‘डावीकडे, डावीकडे’ ओरडत असेल तर त्याला आधीच विनंती करून ठेवा. एका वेळी एकाचंच ऐकायचं, आणि ते खलाशाचं.

एकदा लावली की इंजिन बंद, हँडब्रेक, गिअर. मध्ये मोटरसायकली कोंबतात, त्यांचा आरसा तुमच्या दाराला लागू नये म्हणून दारात उभे राहा. बस, एवढंच. उरलेली दहा मिनिटं कठड्याला टेकून खाडी बघा.

या सेवेचं कौतुक करायचं तर नियमितपणाचं करावं लागेल. उणीव म्हणजे सावलीची जागा आणि स्वच्छतागृह. दोन्हींची अपेक्षा न ठेवता या, विशेषतः स्त्रियांनी आधीच्या गावातच सोय बघावी. सागरी महामार्गासाठी या खाड्यांवर पूल घातले जाताहेत, तेव्हा ही बोट जितके दिवस आहे तितके दिवस.

दिघीच्या पुढे

नकाशात एक गोंधळ नक्की होतो. वेळास नावाची दोन गावं आहेत. एक दिघीजवळचं, रायगड जिल्ह्यातलं. दुसरं बाणकोटजवळचं, रत्नागिरी जिल्ह्यातलं, कासवांचं. कासवांसाठी बुकिंग करून पहिल्याच वेळासला जाऊन उभे राहिलेल्यांना तिथले लोक सरावले आहेत.

दिवेआगरला दुसरा मुक्काम. इथे १९९७ मध्ये वाडीत खणताना सोन्याचा गणपतीचा मुखवटा सापडला, मार्च २०१२ मध्ये चोरीला गेला, नोव्हेंबर २०२१ मध्ये पुन्हा प्रतिष्ठापना झाली. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानं या पट्ट्यातल्या सुपारीच्या वाड्या झोपवल्या. आता दिसतात त्यांतली बरीच झाडं नवी, ठेंगणी आहेत. सुपारीला फळ धरायला वर्षं लागतात, त्यामुळे ज्यांच्या वाड्या गेल्या त्यातल्या अनेकांनी खोल्या काढल्या आहेत. खोली घेताना तीन गोष्टी विचारा: वीज गेल्यावर पंखा चालतो का, गरम पाणी बंबाचं की गिझरचं, आणि गाडी कुठे लागते. माडाखाली गाडी लावू नका. नारळ रात्री पडतो, आणि बॉनेटवर पडतो.

जेवण सकाळी नऊपर्यंत सांगायचं, दुपारी मिळतं. आयत्या वेळी ‘काय आहे?’ विचारलं तर सुरमई आहे असं उत्तर येईल, कारण सुरमई शीतपेटीत टिकते. त्यापेक्षा ‘आज बंदरावर काय आलंय?’ असं विचारा. मांदेली, बांगडे, बोंबील असं काहीतरी निम्म्या पैशात, दुप्पट चवीचं येईल. उकडीच्या मोदकांची ऑर्डर आदल्या रात्री, आणि दोघांना पाच पुरे.

दिवेआगर ते श्रीवर्धन आरावी-कोंडिवलीचा किनाऱ्यालगतचा रस्ता घ्या, सबंध सहलीतला हा सर्वांत देखणा टप्पा. श्रीवर्धन हे भट घराण्यातले पहिले पेशवे बाळाजी विश्वनाथ यांचं गाव. बाजारात रोठा सुपारी घ्यायची तर अख्खी घ्या.

हरिहरेश्वरला आधी काळभैरवाचं दर्शन, मग हरिहरेश्वर, असा क्रम आहे. प्रदक्षिणेची वाट देवळामागून डोंगर चढून, कड्याच्या भेगेतल्या पायऱ्यांनी थेट समुद्राच्या खडकांवर उतरते. लाटांनी खडकात मधाच्या पोळ्यासारखी भोकं पाडली आहेत. ही वाट फक्त ओहोटीला. इथे माणसं वाहून गेली आहेत, आणि बहुतेक वेळा कारण एकच असतं: खडक कोरडा दिसला म्हणून फोटोसाठी कडेला गेले. चार लाटा लहान येतात, पाचवी मोठी. ओला दिसणाऱ्या खडकाच्या रेषेपासून दहा पावलं आतच राहा. पाणी चढायला लागल्यावर वाट अर्ध्यावर सोडून मागे फिरावं लागलं तरी देव रागावत नाही.

वेशवी ते हर्णै

बागमांडल्याची बोट सावित्रीच्या मुखाजवळून जाते. पलीकडे बाणकोटचा किल्ला. वेशवीला उतरून, फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये गेलात तर, वेळास. सह्याद्री निसर्ग मित्र या चिपळूणच्या संस्थेनं २००२ पासून इथे ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी राखायला सुरुवात केली. अंडी घातल्यापासून पिल्लं यायला दीड-दोन महिने लागतात. सकाळी सातच्या आणि संध्याकाळी सहाच्या सुमाराला टोपल्या उचलतात. पिल्लू आहे की नाही ते टोपली उचलल्यावरच कळतं. म्हणून एक संध्याकाळ आणि एक सकाळ धरा. राहणं गावातल्या घरांत, गादी जमिनीवर, जेवण साधं. खोलीत दोघांनाच राहायचं असेल तर तसं आधी स्पष्ट विचारा.

पुढे मांदिवलीमार्गे केळशी, मग आडे-पाडले करत आंजर्ले. या पट्ट्यात पेट्रोलची सोय मनासारखी नाही, श्रीवर्धनलाच टाकी भरा. केळशीच्या महालक्ष्मीच्या देवळाचे घुमट बघून देऊळ की दर्गा असा प्रश्न पडतो. आंजर्ल्याला कड्यावरच्या गणपतीपर्यंत गाडी जाते. वरून सुवर्णदुर्ग दिसतो आणि दोघांना पुरेल इतका वेळ बसायला कट्टा आहे.

हर्णैला संध्याकाळी चारनंतर मासळीचा लिलाव वाळूवर होतो. लिलावात पडू नका, ते व्यापाऱ्यांसाठी आहे. बाजूला बसलेल्या बायकांकडून हातविक्रीचं घ्या. माशाचे कल्ले लाल हवेत, डोळा फुगीर हवा, बोटानं दाबल्यावर खळगा राहता कामा नये. घरी न्यायचं असेल तर थर्माकोलचा डबा, तळाला बर्फ, वर प्लास्टिकमध्ये मासळी, पुन्हा बर्फ. बर्फाचं पाणी मासळीला लागलं की चव गेली. डबा डिकीत ठेवताना खाली जुना टॉवेल घाला. सुवर्णदुर्गला होडी मिळते, पण चढता-उतरता गुडघाभर पाण्यातून जावं लागतं आणि आत प्यायला पाणी नाही.

परत येताना दापोली, खेड, मग कशेडीच्या बोगद्यातून पोलादपूर-महाड. रविवारी दुपारनंतर माणगाव आणि इंदापूर हे दोन बाजार पार करायला तास-दीड तास जातो, म्हणून रविवारी सकाळी सहाला खेड सोडा किंवा सरळ सोमवारी निघा. पनवेलला शिरण्याआधी एखादं वॉशिंग सेंटर गाठून गाडीचं बूड आणि चाकांच्या आतल्या बाजू गोड्या पाण्यानं धुऊन घ्या; बोटीवर उडालेलं खारं पाणी सायलेन्सरच्या सांध्यांवर आणि ब्रेकच्या तबकड्यांवर सुकलेलं असतं, आणि आठवडाभर गाडी उभी राहिली की पहिल्यांदा ब्रेक दाबताच खरखर ऐकू येते.